काँक्रीटचं म्हातारपण

आमच्या झाईला एक समज अगदी पक्का आहे. कौलारू घर म्हणजे दर पावसाळ्याआधीची कटकट, आणि स्लॅबचं घर म्हणजे एकदा पैसे घाला आणि जन्मभर विसरा. माझ्या मामाने याच हिशेबाने नव्वदीत कौलं उतरवून स्लॅब घातला. समुद्र घरापासून दोनशे पावलांवर. वाळू कुठून आणली हे कुणी विचारलं नाही, कारण वाळू समोरच पडली होती.

आज त्या स्लॅबखाली उभं राहून वर बघितलं की तांबूस रेघा दिसतात. सरळ, वीतभर अंतराने. त्या आतल्या सळ्या. दर दोन वर्षांनी मिस्त्री येतो, सुटे पोपडे हातोडीने पाडतो, सिमेंटचा गिलावा मारतो आणि वर चुना फासून जातो. पुढच्या वेळी तोच प्रकार, फक्त हातभर पलीकडे.

हे "हातभर पलीकडे" जरा समजून घेण्यासारखं आहे. सळी काँक्रीटच्या आत गंजत नाही, कारण ताजं काँक्रीट भयंकर अल्कधर्मी असतं (शाळेतला पीएच आठवा, १२ ते १३) आणि त्यात सळीवर एक पातळ संरक्षक थर तयार होतो. हा थर दोन गोष्टींनी जातो. एक, हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत काँक्रीटचा अल्कपणा उतरवतो. दोन, मीठ. खाऱ्या वाळूतून किंवा खाऱ्या हवेतून आलेले क्लोराइड सळीपर्यंत पोचले की तो थर भोकं पडल्यासारखा फुटतो. मग गंज. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, ती मिळत नाही, आणि तो वरचं काँक्रीट ढकलून देतो. तो आपला पोपडा. आता मिस्त्री जेव्हा एका ठिकाणी नवं सिमेंट भरतो, तेव्हा तेवढ्या तुकड्यातली सळी सुरक्षित होते, पण शेजारच्या जुन्या, मीठ मुरलेल्या भागातली सळी आधीपेक्षा जोरात गंजायला लागते. विद्युत-रसायनाचा खेळ आहे, मिस्त्रीचा दोष नाही. पण निष्कर्ष असा की ठिगळ लावणं ही दुरुस्ती नसून कधीकधी आजार पुढे ढकलण्याची पद्धत असते. अक्षरशः पुढे.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. ऐन थंडीत माणसं घराबाहेर झोपली. तेव्हापासून आमच्याकडे सगळ्यांना झोपण्याआधी एकदा वर बघायची सवय लागली आहे.

असो. हे सगळं सांगायचं कारण मामाचा स्लॅब नाही. मामाचं घर उद्या पाडून नवं बांधलं तर जगाचं काही बिघडणार नाही (मामीला तर हवंच आहे). पण हाच आजार, अशाच खाऱ्या हवेत, आपल्याकडच्या काही फार चांगल्या इमारतींना जडला आहे. त्यांच्यावर सरकारी पातळीवर जे इलाज होतात ते एकतर मिस्त्रीच्या जातीचे, नाहीतर मामीच्या. म्हणजे गिलावा मारा, नाहीतर पाडा. तिसरा मार्ग असतो, तो काही ठिकाणी यशस्वीही झालेला आहे, आणि तो आपल्याला परवडतो. आजचा सगळा खटाटोप तेवढं सांगण्यासाठी.

पणजीची कला अकादमी घ्या. चार्ल्स कोरियांनी कांपालला मांडवीच्या काठावर ही इमारत बांधली, १९८३ मध्ये ती उभी राहिली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: भव्य दरवाजा नाही, मोठ्या पायऱ्या नाहीत, घुमट नाही. रस्त्यावरून चालताना आपण कधी इमारतीत शिरलो हे कळत नाही, वर काँक्रीटच्या पट्ट्यांचं उघडं छत येतं, सावली येते, आणि चालत राहिलं तर समोर नदी. ज्याला नाटक बघायचं नाही तोही इथे येऊन बसू शकतो. आतल्या मुख्य नाट्यगृहाला मा. दीनानाथ मंगेशकरांचं नाव आहे, आणि त्याच्या भिंतींवर मारिओ मिरांडांनी बाल्कनीतले प्रेक्षक रंगवले आहेत. खुर्च्या रिकाम्या असल्या तरी घर भरलेलं वाटतं! गोव्यातल्या मराठी नाट्यस्पर्धा, तियात्र, गाण्याच्या मैफली, नंतर चित्रपट महोत्सव, सगळं इथे होत आलं. काँक्रीटची इमारत रुक्ष असते म्हणणाऱ्यांना मी आधी इथे पाठवीन.

आता इतिहास. २०१९ मध्ये अकादमीचं खुलं प्रेक्षागृह पाडायची भाषा सुरू झाली. लोकांनी ओरड केली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेलं. पाडणं टळलं आणि "नूतनीकरण" ठरलं. त्याचं काम सार्वजनिक बांधकाम खात्यामार्फत, निविदा न काढता एका ठेकेदाराला दिलं गेलं. याबद्दल २०२२ मध्ये विधानसभेत प्रश्न आला तेव्हा तेव्हाचे कला आणि संस्कृती मंत्री गोविंद गावडे यांनी ताजमहालाचा दाखला दिला: तो सुंदर झाला, कारण शाहजहानने कोटेशनं मागवली नव्हती. १७ जुलै २०२३ च्या पहाटे खुल्या रंगमंचावरचा स्लॅब कोसळला. वेळ अशी की खाली कुणी नव्हतं. तो कामामुळे पडला की आधीच खिळखिळा होता यावर यथेच्छ राजकारण झालं. पन्नास कोटींच्या वर खर्च होऊन नोव्हेंबर २०२३ मध्ये इमारत पुन्हा उघडली, आणि मग कलाकारांनी गळती, ध्वनी, प्रकाशयोजना यांच्या तक्रारींचा पाढा सुरू केला. २०२५ मध्ये विजय केंकरे यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमावं लागलं, काय काय बिघडलं ते बघायला.

माझ्या मते ताजमहालाच्या विनोदात लोक अडकले आणि खरा मुद्दा निसटला. निविदा काढली असती तर काय झालं असतं? सर्वात कमी बोली लावणाऱ्याला काम मिळालं असतं. निविदेने पैसा कुठे गेला ते कळतं, पण इमारत कळत नाही. कला अकादमीच्या कामाची विभागणी "वॉटरप्रूफिंग, प्लास्टर, एसी, खुर्च्या, साउंड" अशी केली की ती इमारत राहत नाही, कामांची यादी होते. ध्वनीसाठी मुद्दाम ठेवलेला पृष्ठभाग त्या यादीत "जुना झालेला पृष्ठभाग" म्हणून येतो. वाऱ्यासाठी सोडलेली फट "गळतीची जागा" म्हणून येते. यादीतलं प्रत्येक काम अगदी नियमाप्रमाणे पूर्ण होऊनही नाटक ऐकू न येणं शक्य आहे.

आमच्या उंबरगावच्या स्टेशनवरून गाडीत बसलं की अहमदाबाद. (झाईकराला मुंबई आणि अहमदाबाद दोन्ही सारखीच परकी आणि सारखीच आपली.) तिथे आयआयएमचा लुई कान यांनी रचलेला परिसर आहे. विटांचा आहे, पण विटांना धरून ठेवतं ते काँक्रीट आणि लोखंड, आणि दुखणं तेच, विटकामात पुरलेल्या सळ्या गंजतात आणि भिंत फुटते. त्यात २००१ च्या भूकंपाची भर. याच परिसरातल्या विक्रम साराभाई ग्रंथालयाचं काम मुंबईच्या ब्रिंदा सोमाया यांच्या संस्थेने केलं. आधी तपासणी, मग मजबुती, आणि आजच्या विद्यार्थ्याला लागणाऱ्या सोयी, त्याही मूळ रचनेची मोडतोड न करता. २०१९ मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. आणि पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०२० मध्ये, त्याच संस्थेने १८ पैकी १४ वसतिगृहं पाडायची घोषणा केली! जगभरातून पत्रं आली, १ जानेवारी २०२१ ला घोषणा मागे घेतली, नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा सुरक्षिततेच्या कारणाने पुनर्बांधणीचा निर्णय झाला.

संस्थेची बाजू मला समजते. ज्या खोलीत मुलं झोपतात तिच्या छताचे तुकडे पडत असतील तर संचालकाने वारसा बघायचा की डोकी? डोकीच. तलासरीचे धक्के अनुभवलेला माणूस याला नाही म्हणणार नाही. पण एकाच आवारात, एकाच वास्तुकाराची, एकाच काळातली, एकाच आजाराची एक इमारत पुरस्कार मिळवते आणि दुसऱ्या पाडायच्या यादीत जातात, तेव्हा "काँक्रीटचं आयुष्य संपलं" हे कारण पुरत नाही. वसतिगृहात माणसं राहतात, ग्रंथालयात पुस्तकं, हा फरक आहेच. पण खोल्या लहान, सोयी जुन्या, जागा हवी जास्त, हीही कारणं असतात आणि ती सुरक्षिततेच्या पदराआड उभी राहतात. ती उघड मांडली तर त्यांच्यावर उत्तरं शोधता येतात. ती रचनेची उत्तरं असतात.

माझ्या धंद्यात याला लेगसी कोड म्हणतात. नवा पोरगा टीममध्ये येतो, जुना कोड बघतो, नाक मुरडतो आणि म्हणतो, सगळं नव्याने लिहू या. जोएल स्पोल्स्कीचा २०००चा लेख आमच्यातल्या बऱ्याच जणांनी वाचलेला असेल: नेटस्केपने ब्राउझर मुळापासून पुन्हा लिहायला घेतला, जवळजवळ तीन वर्षं घालवली, आणि तेवढ्यात मायक्रोसॉफ्टने मैदान मारलं. त्याचा मुद्दा असा की जुन्या कोडमधल्या ज्या ओळी विचित्र दिसतात, त्यातली प्रत्येक ओळ कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर आलेल्या कुठल्यातरी अडचणीचं उत्तर असते. ते उत्तर फेकलं की अडचण परत येते. मात्र ही उपमा फार ताणू नका. कोड गंजत नाही. आणि आमच्याकडे चुकलं तर कालची आवृत्ती परत आणता येते. इमारतीच्या बाबतीत तो पर्याय नाही, म्हणून तर आमच्यापेक्षा त्यांनी जास्त सांभाळून असायला हवं. प्रत्यक्षात उलट दिसतं. आमच्याकडे एक बटण हलवायला चार जणांची मंजुरी लागते.

तिसरा मार्ग म्हणालो तो आता. फ्रान्समध्ये आन लाकातों आणि जाँ-फिलिप वासाल हे दोघं वास्तुकार आहेत, २०२१ चं प्रित्झकर पारितोषिक त्यांना मिळालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पाडायचं कधीच नाही, जोडायचं, बदलायचं, वापरायचं. बोर्दो शहरात १९६०च्या दशकातल्या तीन सरकारी चाळवजा इमारती होत्या, ५३० घरं. आपल्या म्हाडाच्या कुठल्याही वसाहतीत शोभतील अशा. या मंडळींनी इतर दोन वास्तुकारांच्या साथीने प्रत्येक घराच्या बाहेर पावणेचार मीटरहून जरा जास्त खोलीची नवीन जागा जोडली. काचेच्या सरकत्या दारांची, अर्धी खोली, अर्धी बाल्कनी. जुन्या बाहेरच्या भिंतीतली छोटी खिडकी काढून तिथे मोठं दार केलं. रहिवासी आपापल्या घरातच राहिले, ट्रांझिट कॅम्प नाही. २०१७ मध्ये काम संपलं. बाहेरून बघाल तर जुनी इमारत ओळखू येत नाही, आत मात्र सांगाडा तोच. शेफील्डच्या पार्क हिलमध्ये याच्या उलट केलं. १९६१ ची काँक्रीटची चौकट दुरुस्त करून तशीच ठेवली आणि आतल्या जुन्या विटांच्या जागी रंगीत धातूचे पत्रे बसवले. दिसायला झकास. पण मूळ भाडेकरूंपैकी बऱ्याच जणांना तिथे परत जागा मिळाली नाही, म्हणून मला बोर्दोचा प्रयोग जास्त मोठा वाटतो.

इथे आपल्याकडच्या वारसाप्रेमींशी माझं थोडं वाजतं. त्यांच्यातले काही जण इमारत म्हणजे देव्हाऱ्यातली मूर्ती समजतात, बोट लावायचं नाही. किनाऱ्यावरच्या काँक्रीटला हा न्याय लावणं म्हणजे तिला शांतपणे मरू देणं. तांत्रिक बाजू साधी आहे. १९७८ च्या भारतीय मानकात स्लॅबच्या सळीवर किमान १५ मिलिमीटर काँक्रीटचं आवरण चालत होतं. २००० च्या सुधारित मानकाने किनाऱ्यावरच्या हवेसाठी ४५ सांगितलं. म्हणजे तिप्पट. त्या काळच्या अभियंत्यांनी कामचुकारपणा केला असं नाही, त्या काळचं ज्ञान तेवढं होतं. आता ती सडपातळ छतं "हुबेहूब तशीच" पुन्हा ओतली तर चाळीस वर्षांनी हुबेहूब तशीच पडतील. कला अकादमीच्या खुल्या रंगमंचावर छप्पर द्यायचं तर ते आजच्या बुद्धीचं, आजच्या हलक्या साहित्याचं आणि बघताक्षणी नवं कळणारं असावं असं माझं मत आहे. कोरियांची नक्कल नको. त्यांच्या इमारतीला त्यांच्या तोडीचा विचार करणारा कुणीतरी आजचा माणूस हवा. आणि असा माणूस कमी बोलीच्या निविदेतून मिळत नाही, स्पर्धेतून मिळतो. रचना आधी, दर नंतर.

यात कायद्याचीही गंमत आहे. दिल्लीच्या प्रगती मैदानात राज रेवाल आणि अभियंता महेंद्र राज यांनी १९७२ मध्ये हॉल ऑफ नेशन्स उभा केला. जगात ज्या रचना पोलादात करतात, ती जाळीदार त्रिमिती चौकट त्यांनी काँक्रीटमध्ये, मजुरांच्या हातांनी ओतून घेतली. एप्रिल २०१७ मध्ये ती एका रात्रीत पाडली. वारसा समितीचं म्हणणं होतं की साठ वर्षं पूर्ण झालेल्या इमारतींचाच विचार होतो. हॉल पंचेचाळीस वर्षांचा होता. म्हणजे काँक्रीट चाळिशीत आजारी पडतं आणि वारसा साठीत मिळतो. मधली वीस वर्षं इमारतीने काय करायचं?

त्याच वीस वर्षांच्या खिंडीत आपल्याही इमारती उभ्या आहेत. अच्युत कानविंदे हे नाव मराठी माणसाला माहीत असायला हवं, सिंधुदुर्गातल्या आचऱ्याचे, हार्वर्डला शिकून आलेले. आयआयटी कानपूर त्यांचं, आणि वरळीचं नेहरू विज्ञान केंद्रही त्यांच्याच संस्थेचं. शाळेच्या सहलीत तुम्ही तिथे गेला असाल, कुणाची इमारत हे कुणी सांगितलं नसेल. तीही समुद्रापासून फार लांब नाही. तिच्या स्लॅबचे गाभे काढून आत क्लोराइड किती मुरलंय ते तपासायला फार पैसे लागत नाहीत, आणि ते चाळिशीत केलं तर झिंकचे छोटे तुकडे सळीला जोडून गंज त्यांच्यावर वळवता येतो. झिंक झिजतं, सळी वाचते. साठीत केलं तर पोपडेच मोजायचे.

आणि पुण्याचं बालगंधर्व. २६ जून १९६८ ला उघडलेलं, पुलंनी मनावर घेऊन उभं करवलेलं. ते काही कोरियांच्या तोलाचं वास्तुशिल्प नाही हे मी पुणेकरांचा रोष पत्करून म्हणतो. पण २०१८ पासून ते पाडून तिथे अनेक नाट्यगृहांचं संकुल करायच्या योजना येत राहिल्या आणि रंगकर्मी विरोध करत राहिले. दोन्ही बाजूंचं ऐकलं की वाटतं, पुन्हा तेच: पाडा किंवा हात लावू नका. पुण्याला मीठ नाही, म्हणजे अर्धा आजार मुळातच नाही. प्रसाधनगृहं घाण आहेत, व्हीलचेअरवरच्या माणसाचे हाल होतात, वातानुकूलन रडतं, पार्किंग नाही, या सगळ्या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्यातल्या एकीसाठीही प्रेक्षागृह पाडावं लागत नाही. आवारात आजचं, आजसारखं दिसणारं काहीतरी जोडा ना. छोटं नाट्यगृह, लिफ्ट, तालमीच्या खोल्या, चांगली प्रसाधनगृहं. देशातल्या तरुण वास्तुकारांना खुली स्पर्धा लावा आणि सगळी चित्रं महिनाभर तिथल्याच कलादालनात टांगा, म्हणजे नाटकाला आलेली माणसं मध्यंतरात वडा खाता खाता त्यांच्यावर मतं देतील. पुणेकर मतं देतील याची काळजी करायला नको.